वाळ्याचं पाणी आणि ‘भरल्या पोटाचे चोचले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या पिण्याच्या पाण्याला वाळा, मोगरा, तुळस, धने यांचा स्वाद कसा आणायचा, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : ‘मॅडम, सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तुम्ही त्यात फुलं टाकायला सांगताय. हे भरल्या पोटाचे चोचले आहेत.’ पुढे त्यांचं म्हणणं असं की बाजारातल्या फुलांवर फवारणी असते, माठात पडून राहिलेल्या वाळ्याला बुरशी येते, साठवलेल्या पाण्यात डास होतात आणि सुवास आला की पाणी शुद्ध झालं अशी लोकांची समजूत होते.

फवारणीचं मान्य. बाजारातला मोगरा गजऱ्याला ठीक. पाण्यात टाकायचा तर आपल्या कुंडीतला, ज्यावर आपण काही मारलेलं नाही तोच. तेवढी ओळ मी लेखात जोडली आहे.

आता चोचल्यांचं. तुमची हरकत नुसती लेखावर असती तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण ओळख ना पाळख, तुम्ही थेट माझ्या पोटावर आलात. मग ऐकून घ्या.

मी शहराच्या पूर्व भागात, चाळीत वाढले. वडील गिरणीत, आई घरी विड्या वळायची. दिवसभर तेंदूची पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची. तो वास तिच्या बोटांत कायमचा मुरलेला. हात राखेनं घासले तरी तिनं भरून दिलेल्या तांब्याला तंबाखूचा वास यायचा आणि आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो. नळाला पाणी नसलं की हापशावर रांग. ते पाणी इतकं मचूळ की त्यात डाळ शिजता शिजायची नाही. चैत्र-वैशाखात इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. अशा उन्हात पोरं पाणी नको म्हणायला लागली की आईच्या पोटात गोळा यायचा. म्हणून ती माठात वाळ्याची जुडी सोडायची. पोरांनी पाणी प्यावं, एवढाच तिचा हेतू. शेजारच्या तेलुगू अक्का रात्री मूठभर धने भिजत घालायच्या, सकाळी गाळून त्यांच्या पोरांना आणि आम्हालाही द्यायच्या. घरात असली तर खडीसाखर, नसली तर तसंच. ह्या दोन बायकांना कुणी चोचले करणाऱ्या म्हटलेलं मी खपवून घेणार नाही, आणि मी लिहिलेलं सगळं त्यांच्याकडूनच आलेलं आहे.

वाळा म्हणजे एका गवताची मुळं. पाणथळ जागी, ओढ्याकाठी उगवणारं गवत. नीट वाळवून वापरली तर एक जुडी बराच काळ पुरते. चरकसंहितेत तापकऱ्याची तहान भागवायला षडंगपानीय सांगितलंय. नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुंठ यांच्या जोडीला त्यात वाळाही आहे. आजाऱ्याला उकळून द्यायचं ते पाणी. पोट भरलेल्यांनी गंमत म्हणून काढलेली ती गोष्ट नव्हे.

आणि पाणी चार दिवसांआड येतं हे तुम्ही मला सांगता? मीही अपरात्री उठून पिंपं भरते. उजनी १९८० साली बांधून झाली, तिथून शंभरावर किलोमीटर पाइपातून पाणी इथवर येतं, तरी शहर बादल्या घेऊन नळापाशी उभंच आहे. याची चीड मलाही येते. पण ती चीड माझ्या माठावर कशाला काढता? उलट पाणी साठवून प्यावं लागतं म्हणूनच ह्या गोष्टींची गरज पडते. नळाचं पाणी पहिल्या दिवशी क्लोरीनच्या वासाचं, तिसऱ्या दिवशी पिंपातलं शिळं. ज्याला हे रोज प्यावं लागतं त्यानं त्यात चार तुळशीची पानं टाकली तर कुणाच्या घशाखालचं पाणी कमी झालं?

राहता राहिली शुद्धता. पाणी आधी उकळा, गार करा, गाळा आणि मगच स्वाद आणा, हे माझ्या लेखाच्या सुरुवातीलाच आहे. वासानं जंतू मरतात असं मी कुठं म्हटलंय ते दाखवा. लेख न वाचता प्रतिक्रिया लिहायची घाई झाली होती, असंच मी समजते. डासांसाठी पिंपाला झाकण लावा आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडं करा. तो विषय वेगळा आहे, त्याचा वाळ्याशी संबंध नाही.

बुरशीबद्दल इतकंच की जुडी ‘पडून राहते’ हे तुमचं गृहीतक आहे, आमच्या घरची रीत नव्हे. नवी जुडी आणली की आई ती उलगडायची. परातीत पाणी घेऊन बोटांनी एकेक मूळ मोकळं करायची. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं यायचं, तळाला बारीक रेती बसायची. पाणी नितळ येईपर्यंत धुणं चालायचं. मग दिवसभर कडक ऊन. कोरडी झाल्यावर धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात सैल बांधून माठात. एक दिवस माठात, दुसऱ्या दिवशी उन्हात. दोन जुड्या आलटून पालटून. मुळं बुळबुळीत लागली की सरळ झाडाच्या आळ्यात टाकायची. मीही असंच करते, आणि माझ्या घरात ह्या पाण्यानं आजवर कुणी आजारी पडलेलं नाही. तुमच्याकडे वेगळा अनुभव असेल तर तो लिहा, मी वाचेन. मात्र मला ‘मॅडम’ म्हणून टोमणे मारायचे असतील तर त्यांना मी यापुढं उत्तर देणार नाही.

खाली दुसऱ्या एका ताईंनी साधं, सरळ विचारलंय की लिंबू माठात चालेल का. ताई, माठात नको. आंबट पाणी मातीच्या छिद्रांत मुरतं आणि नंतर वास जाता जात नाही. तांब्याच्या भांड्यात तर मुळीच नको, आंबटानं तांबं पाण्यात उतरतं. काचेचा जग घ्या, लिंबाच्या पातळ चकत्या करा, बिया काढा नाहीतर कडवटपणा येतो, पुदिना हातानं जरा चुरडून टाका. दुपारी केलं तर संध्याकाळपर्यंत संपवा.