आधी पाणी, मग मडकी?

मे महिन्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं की आमच्या आजोळच्या मंडळींच्या फोनवर पळसदेवच्या, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचे फोटो फिरायला लागतात. आधी शिखर, मग ओवऱ्या, मग भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलेली पोरं आणि त्यांच्या सेल्फी. यंदा त्या फोटोंवरून वाद पेटला. नव्या गावठाणातल्या एका तरुण शिक्षकाने सुचवलं, की उजनीत गेलेल्या गावांचं एक सरकारी संग्रहालय इंदापूर-भिगवण पट्ट्यात कुठेतरी व्हायला हवं. त्यावर माझा मामेभाऊ, आमचा दादा, लिहून मोकळा झाला, "आधी शेताला पाणी द्या म्हणावं, मग मडकी मांडा. म्युझियम काय चाटायचंय?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मी शिक्षकाची बाजू घेतली, तर लगेच उत्तर आलं, "अडीचशे वर्षांचा देश तुमचा, इतिहासच नाही, म्हणून त्यांना म्युझियमचे चोचले. आणि तुला गं तिकडे बसून काय होतंय बोलायला?"

मी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात राहते, लास व्हेगासला लागून असलेल्या हेंडरसनमध्ये. वर्षाला चारेक इंच पाऊस. ज्या इंदापूरला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे याच्या कितीतरी पट पडतो. पाणी आधी की इतिहास आधी, हे विचारायचा हक्क कुठल्या प्रदेशाला असेलच तर तो या वाळवंटाला आहे. आणि हे राज्य सात संग्रहालयं स्वतःच्या खर्चाने चालवतं. त्यातली तीन मी नीट पाहिली आहेत, पुन्हा पुन्हा पाहिली आहेत, म्हणून दादाला उत्तर द्यायचंच आहे.

ओव्हर्टनपासून सुरुवात करते, कारण त्याची आणि उजनीची गोष्ट एकच आहे. आय-१५ महामार्गाने उत्तरेला तासाभरावर मडी नदीच्या खोऱ्यात हे छोटं गाव आहे. पिवळं पडलेलं गवत, काही शेतं आणि एका टेकाडावर मातीच्या विटांचं बसकं संग्रहालय, लॉस्ट सिटी म्युझियम. १९२४ साली इथल्या पर्किन्स भावांनी जुन्या वस्तीचे अवशेष पाहून गव्हर्नर स्क्रगम यांना कळवलं. त्यांनी न्यूयॉर्कहून हॅरिंग्टन नावाच्या पुरातत्त्वज्ञाला बोलावलं. नदीकाठाने मैलोन्मैल पसरलेली वस्ती सापडली. मका, घेवडा, भोपळा आणि कापूस पिकवणारी, डोंगरातल्या खाणींतून मीठ काढून दूरवर व्यापार करणारी माणसं इथे शतकानुशतकं राहिली आणि साधारण बाराव्या शतकाच्या सुमारास निघून गेली. का गेली, याच्या कारणांत अवर्षणही धरतात.

मग कोलोरॅडो नदीवर हूवर धरण आलं. १९३५ मध्ये ते पुरं झालं आणि मागे लेक मीड हा तलाव भरू लागला. पाणी चढायच्या आत जे वाचवता येईल ते वाचवायचं म्हणून सरकारने मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या तुकड्या खणायला लावल्या आणि त्यांच्याच हातांनी त्याच साली हे संग्रहालय बांधून घेतलं. दादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. त्या काळात अमेरिका श्रीमंत नव्हती. लोक अन्नासाठी रांगा लावत होते. धरण आणि संग्रहालय एकाच वर्षी, एकाच पाण्यासाठी उभं राहिलं. आधी हे मग ते, असं कुणी म्हटलं असतं तर पाण्याने थांबून वाट पाहिली नसती.

आत गेलं की जमिनीतच खणलेलं जुनं घर दिसतं. त्या वस्तीचा एक तुकडा उघडा ठेवून वर छप्पर घातलंय. धान्याच्या खोल्यांचे पाये एकाला एक लागून आहेत. कपाटात एक मडकं आहे, त्याच्या बाहेरच्या अंगावर ओळीने चिमटे काढलेले आहेत. मातीच्या वळ्या एकमेकींवर बसवताना कुंभारणीने अंगठा आणि बोटाने दाबत नेलंय आणि तो दाब जागच्या जागी तसाच राहिलाय. मी प्रत्येक वेळी त्या मडक्यापाशी जास्त वेळ उभी राहते. वर्गातली मुलं येतात, नाकं काचेला लावून बघतात. ती दादाच्या भाषेत चोचले करायला येत नाहीत. आपण उभे आहोत ती जमीन आपल्याआधी कुणाची होती, हे त्यांना शाळेच्या वेळापत्रकात धरून दाखवलं जातं.

आणि सेंट थॉमस. १८६५ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव. लेक मीडचं पाणी चढत चढत १९३८ च्या जूनमध्ये गावात शिरलं आणि पोस्ट ऑफिस बंद झालं. थडगी आधीच उकरून ओव्हर्टनला हलवली होती. जशी पळसदेवची पिंड नव्या गावात नेली, तशीच. आता वीसेक वर्षांच्या अवर्षणाने तलाव इतका मागे हटलाय, की ते गाव पायी फिरता येतं. २०२२ च्या जुलैत तर तलाव भरल्यापासूनची सगळ्यांत खालची पातळी नोंदली गेली. शाळेचा चौथरा, पायऱ्या, विहिरीसारखे हौद, पायाखाली करकरणारे शिंपले, चहूकडे माजलेली झाडी. जागोजागी पाट्या आहेत: हे हॉटेल, ही शाळा. पळसदेवच्या गाळात कुठली पाटी आहे? जुनी वेस कुठे होती, हे सांगायला आता आपल्याकडे सत्तरीपुढची चार माणसं उरली आहेत आणि त्यांना विचारायला कुणी पगारावर नेमलेलं नाही.

"इतिहासच नाही" या वाक्यावर मात्र मला राग आला, तो अजून गेलेला नाही. राजधानी कार्सन सिटीत जुन्या टांकसाळीच्या दगडी इमारतीत राज्याचं मुख्य संग्रहालय आहे. १८७० ते १८९३ या काळात कॉमस्टॉकच्या खाणीतल्या चांदीची नाणी इथे पाडली गेली. नाणी पाडायचं ते पहिलं यंत्र आता तिथेच आहे आणि अजून चालतं. पण मला सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. १९४० साली फॅलन गावाजवळच्या स्पिरिट केव्हमध्ये सिडनी आणि जॉर्जिया व्हीलर या दांपत्याला एका माणसाचा देह सापडला. सशाच्या कातड्याच्या पट्ट्यांच्या पांघरुणात आणि लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळलेला, पायात मोकॅसिन. तो अनेक वर्षं संग्रहालयाच्या ताब्यात होता. १९९० च्या दशकात काळ मोजला तेव्हा कळलं, की तो सुमारे १०,६०० वर्षांपूर्वीचा आहे. मोहेंजोदडोच्याही हजारो वर्षं आधीचा, दादा. फॅलनच्या पायूट-शोशोन या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आमचा पूर्वज आम्हाला द्या म्हणून मागणी केली, सरकारने आधी नकार दिला, वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी जनुकांच्या तपासणीने त्याचं नातं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी जुळलं, २०१६ मध्ये तो त्यांना परत दिला गेला आणि २०१८ मध्ये त्यांनी त्याला त्यांच्या रीतीने पुरलं.

त्याच संग्रहालयात वॉशो जमातीच्या डॅट-सो-ला-ली यांनी विणलेल्या टोपल्या आहेत. त्या १९२५ मध्ये वारल्या. सोललेल्या विलोचा फिका पोत, रेडबडचा लाल, नेच्याच्या मुळाचा काळा. इतकी बारीक वीण, की भांडं विणलेलं आहे हे जवळ गेल्याशिवाय समजत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही राजवाड्यातल्या वस्तूच्या शेजारी ती मान वर करून बसेल. तिचं मोल ओळखायला राजघराण्याची वस्तू असावी लागत नाही, हेही मला तिथेच उमगलं. आपली संग्रहालयं म्हटली की तलवारी, तोफा, शिक्के. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढी गर्दी लोटली आणि ती खरी की खोटी यावर केवढं भांडण झालं. होऊ दे भांडण, त्या वस्तूवर जीव आहे लोकांचा, माझाही आहे. पण ज्या घरांत कधी तलवार नव्हती, फक्त जातं होतं, त्यांच्यासाठी कुणी कपाट करणार आहे की नाही?

इथलं सगळं सोज्वळ आहे, असा माझा दावा नाही. ओव्हर्टनच्या वाटेवरच मोआपा पायूटांची वसाहत लागते. त्यांना आधी मोठा प्रदेश राखून दिला आणि १८७५ मध्ये तो हजार एकरांवर आणला. हॅरिंग्टनने खणून काढलेल्या पुष्कळ वस्तू न्यूयॉर्कला गेल्या. पण हे मला कुणी कुजबुजून सांगितलेलं नाही. उघड नोंदलेलं आहे, म्हणूनच मी ते इथे लिहू शकते.

आता पाणी, दादाचा हुकमी पत्ता. लास व्हेगासचं राज्य संग्रहालय ज्या आवारात आहे, ते आवार पाणीपुरवठा खात्याचं आहे. स्प्रिंग्स प्रिझर्व्ह त्याचं नाव. ज्या झऱ्यांमुळे या वाळवंटात वस्ती झाली, ते झरे इथेच होते. उपसून उपसून १९६२ मध्ये आटले. संग्रहालयात इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचा सांगाडा आहे, म्हणजे हे वाळवंट एकदा समुद्र होतं. अणुचाचण्यांच्या काळाचं दालन आहे, आणि बाहेर पडलं की कोरडा झरा. शहराने स्वतःच्या हाताने जे संपवलं, ते जपून ठेवून लोकांना दाखवलंय, आणि तेही पाण्याचं बिल पाठवणाऱ्या खात्याच्या जागेत. कोलोरॅडो नदीत नेवाडाचा ठरलेला वाटा वर्षाला ३ लाख एकरफूट पाण्याचा आहे. आपल्या हिशेबात सुमारे १३ टीएमसी. एकट्या उजनीत भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असतं. या १३ टीएमसीच्या जिवावर मुख्यतः वीस लाखांवर लोक राहतात. घरातलं मोरीचं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्ये सोडतात. २०२१ मध्ये कायदा केला, की रस्त्याकडेचं, ऑफिसांपुढचं शोभेचं गवत २०२६ संपेपर्यंत काढून टाकायचं. आमच्या एचओएने, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीने, कधीच काढलं, रिबेट मिळाला, कुणी कुरकुर केली नाही. कोरड्या झऱ्यापुढे उभं राहून शाळेत धडा घेतलेली पिढी ही. उजनीकाठी उसाला पाटाने पाणी सोडणाऱ्या दादाने म्युझियममुळे पाणी अडतं असं म्हणावं, हे मला सोसत नाही.

आपल्याला जमत नाही असंही नाही. नागार्जुनसागरच्या पाण्यात नागार्जुनकोंडा जायच्या आधी १९५४ पासून उत्खनन केलं, स्तूप आणि शिल्पं हलवली, पाण्यातल्या बेटावर संग्रहालय केलं. आणि महाराष्ट्राला तर धरणाविरुद्धच्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी एकाचा वारसा आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ ते १९२४ चालला. इकडे पर्किन्स भाऊ गव्हर्नरना कळवत होते, त्याच सुमाराला मुळशीचे मावळे तुरुंगात जात होते. ज्या राज्यात ही लढाई झाली, तिथल्या लेकरांना बुडालेलं गाव कसं होतं ते मोबाइलवरच्या फोटोत शोधावं लागतं.

राहिला दादाचा शेवटचा प्रश्न, की मला तिकडे बसून काय होतंय. आजोबांच्या नावावर जमीन होती, ती गेली. पुनर्वसनाचे कागद मामाच्या नावाने झाले. आईचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, लेकीचं असायचं कारणच नव्हतं. म्हणजे मी धरणग्रस्त नाही, कागदोपत्री त्या गावाशी माझा संबंध शून्य. तरी माझ्या आईने मला पेवाबद्दल सांगितलं. धान्य काढायला पेवात उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. हे दादाला माहीत नाही. तो नव्या गावठाणात जन्मला, तिथे पेवं नव्हती, लोखंडी कोठ्या होत्या. ओव्हर्टनला त्या जमिनीतल्या घराच्या कठड्याशी उभी असते तेव्हा मी माझ्या मुलांना पायूटांचं काही सांगत नाही, ते मला नीट येतही नाही. मी त्यांना कंदिलाचं सांगते. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला वाटत असेल, ही बाई इथलीच गोष्ट सांगते आहे.

इथे कर भरते, मतदान करते, तरी या मातीतलं माझं काही नाही. माझे पूर्वज या मडक्यांना शिवलेले नाहीत. तिथे दादा म्हणतो, तुझा काय संबंध. संग्रहालयाच्या दारात सातबारा मागत नाहीत. मला सरकारी संग्रहालय हवं आहे ते या स्वार्थासाठीसुद्धा. ज्या गावावर माझा कायद्याने हक्क नाही आणि जे पाण्याखाली आहे, तिथे जायला मला दुसरं दार नाही.

दादाने परवा सुचवलं, की एवढी हौस आहे तर पैसे पाठव, शाळेची एक खोली रंगवून घेऊ. पैसे मी पाठवीन, खोलीही चालेल. घराघरांत अजून जाती आहेत, वाड्याच्या चौकटी गोठ्याला लावलेल्या आहेत, भूसंपादनाच्या नोटिसा ट्रंकेत आहेत. पण खोली रंगवून पुढच्या वर्षी तिथे खताची पोती पडणार हे दादालाही माहीत आहे. तिथे राज्याच्या पगारावरचा माणूस हवा, जो टेपरेकॉर्डर घेऊन मामीकडे आणि तिच्या वयाच्या बायकांकडे जाईल, वस्तूंवर नंबर घालेल, शाळांना तारखा देईल. त्या शिक्षकाने अर्ज लिहायला घेतलाय. सही करायला माझं नाव चालतं का, हे त्याने विचारून ठेवलंय, आणि दादाच्या सहीशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.