मिठातले 536 आणि सायनाइडची आवई

‘मिठाच्या पुड्यावर 536 दिसले तर ते मीठ फेकून द्या, त्यात सायनाइड आहे’ हा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. सोबत दोन पुरवण्या: फोडणीत तापले की विषारी वायू सुटतो, आणि सैंधव खा, त्यात ‘केमिकल’ नसते.

536 म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड, इथवर बरोबर. दमट हवेत मिठाचे ढेकूळ होऊ नये म्हणून ते घालतात. पण नावात सायनाइड म्हणून पोटातही सायनाइड, हे कुठून आले?

पोटॅशियम सायनाइड पाण्यात गेले की आयनिक बंध, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या कणांना (आयनांना) जोडणारा बंध, सुटतो आणि सायनाइड मोकळे होते. जीव घेते ते हेच. फेरोसायनाइडमध्येही आयनिक बंधच सुटतो, पण तो चार पोटॅशियम आयन आणि एका अख्ख्या संयुक्त मूलकामधला, म्हणजे एकत्र बांधलेल्या अणूंच्या विद्युतभारित गटामधला. मूलकाच्या आत लोहाने सहा सायनाइड गट घट्ट धरलेले असतात, आणि नुसत्या पाण्याने ते सुटत नाहीत. हिराकस म्हणजे लोहाचा साधा क्षार; त्याच्या द्रावणात कॉस्टिक सोडा घातला की मोकळ्या लोहाचा मळकट हिरवा साका बसतो. फेरोसायनाइडच्या फिकट पिवळ्या द्रावणात घाला, साका नाही. लोह आहे, पण मोकळे नाही. सायनाइडचेही तसेच. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात किरणोत्सारी सीझियम अंगात गेलेल्या रुग्णांना प्रशियन ब्लू पोटातून दिले होते. त्या निळ्या औषधातही हेच मूलक!

फोडणीचे म्हणाल तर तळणीचे तेल 200 अंशांच्या आसपास, आणि हे मूलक फुटायला साधारण 400 अंश लागतात. तीव्र आम्लात उकळले तर सायनाइड वायू निघतो, हे मान्य. पण जठर म्हणजे उकळते भांडे नव्हे.

प्रमाणही बघा. भारतात मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम. दिवसाला 10 ग्रॅम मीठ खाल्ले (तेच मुळात जास्त आहे) तर पोटात जाते 0.1 मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला रोज 1.8 मिलिग्रॅमपर्यंत चालते.

राहिले सैंधव. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. फक्त पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेले नसेल, तर गलगंड टाळणारे आयोडेट, म्हणजे आणखी एक संयुक्त मूलक, त्यात घातलेले नसते.