कुलूप शीटला, शिक्षा आम्हाला

एक्सेलमध्ये आकड्याला कॉलम अपुरा पडला की आकड्याच्या जागी नुसत्या जाळ्या दिसतात, ##### अशा. एरवी कॉलमच्या कडेवर डबल क्लिक केलं की काम झालं. पण शीट प्रोटेक्ट करून ठेवलेली असेल तर नाही, कारण प्रोटेक्ट करताना कॉलम फॉरमॅट करायची परवानगी वेगळी टिक करावी लागते आणि ती कुणीच करत नाही. म्हणजे आकडा आहे, आपलाच आहे, मीटिंग पाच मिनिटांवर आलीये, आणि बघायची सोय नाही!

आमच्या टीममध्ये अशी एक बजेटची शीट आहे. बनवणारे साहेब केव्हाच दुसरीकडे गेले, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. फोन केला तर म्हणाले, "मी पासवर्ड टाकला होता? कशाला?" आता हे आम्ही त्यांना विचारायचं की त्यांनी आम्हाला? मग सगळ्यांनी अंदाज लावायला घेतला, साहेबांचं नाव, साहेबांचं नाव पहिलं अक्षर कॅपिटल, १२३४, मुलीचं नाव, आणि एकाने तर "पासवर्ड" हाच पासवर्ड टाकून बघितला आणि तो लागला नाही म्हणून खरंच हिरमुसला. शेवटी एकेका सेलवर क्लिक करायचं, वर फॉर्म्युला बारमध्ये आकडा वाचायचा आणि कागदावर उतरवायचा असं ठरलं. बेरजेच्या सेलवर क्लिक केलं तर वर आकडाच नाही, "इक्वल टू सम" आणि पुढे कंस. मग मोबाईलवर कॅल्क्युलेटर. कॉम्प्युटर समोर ठेवून!

बरं, एवढं करून हे कुलूप आहे तरी कसलं? एक्सएलएसएक्स फाईल म्हणजे मुळात झिप फाईल. कॉपी काढा, एक्स्टेन्शन बदलून झिप करा, आत त्या शीटची एक्सएमएल फाईल सापडते, त्यातला "शीटप्रोटेक्शन" नावाचा टॅग उडवा आणि परत एक्सएलएसएक्स करा, संपलं. जुन्या फाईलींमध्ये तर पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढून फाईलमध्ये ठेवलेला सांकेतिक आकडा, इतका लहान असायचा की ए आणि बी ची अकरा अक्षरं आणि शेवटी एक कुठलंही चिन्ह, अशी १,९४,५६० कॉम्बिनेशन्स मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामने, फिरवली की एखादी लागायचीच. खरा पासवर्ड काय होता ते कळायचं नाही पण शीट उघडायची. २०१३ पासून एसएचए-५१२ नावाची दणकट हॅश पद्धत आली, वर एक लाख फेऱ्या, म्हणजे कुलूप एकदम भारी झालं, पण दार अजूनही चौकटीसकट उचलून बाजूला ठेवता येतं.

म्हणजे ज्याला घुसायचंय तो घुसतोच आणि अडकतो कोण तर ज्याला बिचाऱ्याला नुसता कॉलम रुंद करायचाय तो. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की शीटच्या पासवर्डला ओव्हरराइडचं बटण द्या, म्हणजे पासवर्डशिवाय कुलूप उघडणारं. फाईल उघडायचा पासवर्ड वेगळा, तिथे खरं एन्क्रिप्शन असतं, पगाराची फाईल वगैरे, तिथे बटण नकोच. तो विसरलात तर बसा बोंबलत, ते मला मान्य आहे.

अकाउंट्सच्या मॅडमना हे अजिबात पटलं नाही. "बटण दिलंत की उद्या कोणीतरी फॉर्म्युल्यावर हाताने आकडा टाईप करणार आणि महिनाअखेरीला मी शोधत बसणार." मुद्दा खरा आहे हो, नाही कोण म्हणतंय. पण ते कुलूप हात चुकून लागू नये म्हणून, आणि त्यासाठी पासवर्ड लागतच नाही, प्रोटेक्ट करताना तो रकाना रिकामा सोडला तरी शीट लॉक होते आणि मुद्दाम अनप्रोटेक्ट केल्याशिवाय हलत नाही. मॅडमना हे माहीत होतं! त्यांच्या स्वतःच्या सगळ्या शीट्स तशाच आहेत, पासवर्ड फक्त आम्हाला पाठवायच्या कॉपीला.

बऱ्याच वादावादीनंतर त्या एवढ्यावर आल्या की बटण असू दे, पण जो दाबेल त्याचं नाव वर लाल अक्षरात आलं पाहिजे. माझी हरकत नाही, फक्त लाल नको, लाल आम्ही मायनसला वापरतो, उगाच वाटायचं माणूसच तोट्यात गेला.