विमान शुक्रवारी, गाडी अजून दारात

न्यूझीलंडला तीन महिने जाताय? मग भाड्याची गाडी मुळीच घेऊ नका. ऑकलंडला उतरा, सेकंडहँड टोयोटा एस्टिमा घ्या, मागे गादी टाका, दोन्ही बेटं पालथी घाला आणि ख्राइस्टचर्चला तीच गाडी घेतल्या किमतीला विकून या. सहल फुकट! हे मला चार जणांनी सांगितलं. चौघांपैकी एकानेही तिकडे कधी गाडी विकलेली नव्हती. मी परवाच विकून आलोय, तेव्हा आता माझं ऐका.

खरेदी जानेवारीत करा. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा, जगभरचे बॅकपॅकर गाडी शोधत असतात, भाव चढलेले असतात. आम्ही 6,200 डॉलर मोजले. विक्री एप्रिलच्या शेवटी काढा. त्या वेळी तेच सगळे बॅकपॅकर थंडीच्या आधी परत निघालेले असतात आणि हॉस्टेलच्या बोर्डावर तुमच्या चिठ्ठीला टाचणी टोचायला जागा नसते. माल कधी बाजारात आणू नये हे लासलगावात शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही नाशिकचे.

गाडी उत्तर बेटावर घ्या आणि दक्षिण बेटावर विका. मध्ये कुकची सामुद्रधुनी आणि साडेतीन तासांची फेरीबोट. गिऱ्हाईक हमखास पलीकडेच असतं.

डब्ल्यूओएफ नावाचा तिथला फिटनेसचा दाखला असतो. विकताना तो महिन्याच्या आतला लागतो, नाहीतर 'आहे तशी घेतो' असं गिऱ्हाइकाने लेखी द्यायचं. मी प्रामाणिक माणूस, गाडी आधी तपासणीला नेली. तपासनीसाने वाकून दाराखालच्या पट्टीवर टॉर्च मारला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो अलगद आत गेला. "हम्म," तो म्हणाला. त्या 'हम्म'चे 650 डॉलर झाले.

घेताना काचेवरचा निळा स्टिकर बघून हुरळून जा. जुन्या नियमात त्याचा अर्थ गाडी 'स्वयंपूर्ण', म्हणजे आत संडाससुद्धा आहे. आमचा संडास म्हणजे गादीखालचा प्लास्टिकचा डबा, त्याचं वेष्टनही आम्ही फोडलं नव्हतं. 2023च्या कायद्याने आता हिरवा स्टिकर आणलाय. त्यासाठी संडास पक्का बसवलेला हवा आणि बिछाना घातलेला असतानाही वापरता यायला हवा. एस्टिमात बिछाना घातला की कूस बदलता येत नाही, संडास कुठला वापरता!

मालकी बदलल्याची नोंद गिऱ्हाइकाच्या भरवशावर सोडा. पुढचे टोल तुमच्या नावावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपला माणूस शोधा. मला सापडला. फोनवर नाव ऐकलं आणि म्हणाला, "मराठी का? मग विषय संपला! दुसऱ्या कुणाला दाखवूच नका." टायमिंग बेल्ट बदललाय का, मायलेज किती, अपघात झालाय का, तास सव्वा तास बोललो. "दादा, शेवटचं किती?" या प्रश्नाचं उत्तर तीनदा दिलं. 3,600वर ठरलं. गॅसची शेगडी, खुर्च्या त्यात आल्याच. शेवटी म्हणाला, "वहिनींना विचारा ना, कुकर ठेवून जातील का?" वहिनी कुकरही द्यायला तयार झाल्या. बोलता बोलता मीच सांगून बसलो की विमान शुक्रवारचं आहे.

शनिवारी दोन फ्रेंच मुली आल्या. गाडीखाली आडव्या होऊन बघितलं आणि 3,500 रोख देते म्हणाल्या. मी म्हटलं, सॉरी, शब्द दिलाय.

रविवारी 11 वाजताची वेळ ठरली होती. हिने आदल्या दिवशी शोधून कोथिंबीर आणली होती, पोहे केले. 11 वाजले. 12 वाजले. फोन उचलत नाही, मेसेजवर निळ्या टिका येतायत. गाडी पुसून पुसून हात दुखले, पोह्यांचा दगड झाला. 4 वाजता मेसेज आला: "दादा, 2,000ला देत असाल तर निघतो. तुमचं फ्लाइट शुक्रवारी ना?"

आता सल्लाबिल्ला राहू दे. अरे, यायचं नव्हतं तर सकाळीच सांगायला काय झालं होतं? एक मेसेज टाकायला पैसे पडतात? घासाघीस कर ना, तोंडावर कर, मीही मंडईत तेच करतो. पण आधी भाऊ म्हणायचं, दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवायला लावायची, आणि माणूस विमानतळाच्या वाटेला लागला की गळा धरायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत. आणि "त्यात काय, बिझनेस आहे," असं मला ऐकवणारे दोन महाभाग इथे नाशिकमध्येही भेटले. तुम्हीही तसलेच!

त्या मुलींना फोन केला. त्यांनी शनिवारीच दुसरी गाडी घेतली होती. गुरुवारी एका डीलरने गाडीभोवती एकच चक्कर मारली आणि 1,400 हातावर ठेवले.

कुकर मात्र सोडला नाही. जादा वजनाचे पैसे भरले आणि घरी आणला.