खरे कलाकार व्हा! (प्रवेशशुल्क आगाऊ)

कलाकार व्हायचंय? मग चित्र काढत बसू नका. तो फार लांबचा रस्ता आहे. त्यापेक्षा अर्ज भरा.

नुकताच एका कला महोत्सवाचा प्रवेशअर्ज हाती पडला आणि आपण सगळे आजवर कुठे चुकत होतो ते एका पानात कळलं. अर्जात तीन गट आहेत. 'व्यावसायिक' गटाला वातानुकूलित दालन, चित्रागणिक दिवा आणि कॅटलॉगमध्ये फोटोसकट परिचय. 'हौशी' गटाला जिन्याजवळचा पॅसेज आणि यादीत नाव. 'लोककला व आदिवासी कला' गटाला बाहेरच्या मांडवात टेबल, शेजारी पापड-लोणची, आणि नावाच्या जागी जिल्हा. शुल्क तिन्ही गटांना सारखंच. समता म्हणतात ती हीच. गट कसा ठरतो? 'कलाशिक्षण' या रकान्यावरून. हा रकाना सक्तीचा आहे. चित्राचा फोटो मात्र 'शक्य असल्यास जोडावा'.

तर या पवित्र अर्जाच्या आधारे काही मार्गदर्शन करतो. वहीत उतरवून घ्या.

सगळ्यात आधी रकाना भरायला शिका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा इथे मोजत नाहीत बरं का. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असलं काहीतरी स्वतःच्या हाताने काढावं लागतं. रकान्यात हवी पदवी, आणि तीही मोठ्या नावाच्या संस्थेची. नसेल तर निराश होऊ नका, तुमच्यासारखे आणखी काही अभागी होऊन गेलेत. नेकचंद नावाचे एक गृहस्थ चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. 1957च्या सुमारास त्यांनी फुटक्या बांगड्या, तुटक्या फरशा, संडासाची भांडी गोळा करून सरकारी जागेवर गुपचूप मूर्ती उभ्या करायला सुरुवात केली. 1976 साली ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. कलाशिक्षण : निरंक. फ्रेंच चित्रकार आँरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर कारकुनी करत होता, त्यामुळे त्याला 'जकातवाला' म्हणून हिणवलं गेलं. रवींद्रनाथ टागोर साठी ओलांडल्यावर चित्रांच्या मागे लागले आणि 1930 साली त्यांचं पहिलं प्रदर्शन थेट पॅरिसला भरलं. चित्रकलेची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. आपल्या महोत्सवात हे तिघेही जिन्याजवळ लागले असते. नेकचंदना कदाचित जिन्याखाली जागा दिली असती, सामान फार म्हणून.

पुढची पायरी, निवेदन. चित्रापेक्षा निवेदनावर जास्त वेळ घालवा. 'माझी कला मौन आणि अवकाश यांच्यातील ताणाचा वेध घेते' एवढं वाक्य पाठ करून ठेवलंत की निसर्गचित्रापासून गणपतीपर्यंत कशालाही चालतं. 'मी हे काढलं कारण संध्याकाळी पाण्यावर असा उजेड पडतो' असं चुकूनही लिहू नका. परीक्षकांना ते कळेल, आणि कळलेल्या गोष्टीला बक्षीस द्यायची पद्धत नाही.

भाव चढा ठेवा. परवडणारं चित्र ही कला नसते, ती वस्तू असते.

शक्यतो मरा. जिवंत कलाकार पेमेंटची आठवण करून देतात.

हौशी मंडळींनी तर आधी नोकरीची लाज बाळगायला शिकावं. बँकेत काम करता? घर सांभाळता? आणि रविवारी घाटावर बसून जलरंग करता? अरेरे. तुम्हाला 300 जीएसएमचा कागद आणि पातळ कार्ट्रिज यांतला फरक कळतो, बोर्ड किंचित तिरका ठेवून भरल्या ब्रशने वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, खाली कसा उतरवायचा ते कळतं, वॉश अर्धवट वाळलेला असताना त्यात ओला ब्रश घातला की पाणी रंगाला ढकलतं आणि वेड्यावाकड्या कडांचा डाग पसरतो हेही कळतं. कागद पूर्ण वाळेपर्यंत हात आवरून थांबता. एवढं सगळं संध्याकाळी भांडी आवरल्यावर शिकलात? मग ती हौसच. पदवीवाल्याच्या चित्रात तसाच डाग पडला तर ती 'माध्यमाची उत्स्फूर्तता' असते. तुमच्या चित्रात पडला तर तो डाग.

आता मुख्य धडा, मांडवातल्या गटाचा. इथे जरा सावकाश जाऊ, कारण आयोजकांना सगळ्यात जास्त प्रेम याच गटाचं आहे. उद्‌घाटनाच्या कमानीवर वारली, निमंत्रणपत्रिकेवर वारली, पाहुण्यांच्या उपरण्यावर वारली, स्वच्छतागृहाच्या दारावर 'स्त्री' आणि 'पुरुष' तेही वारली. ज्यांची ही चित्रं, ते मात्र गेटाबाहेर.

वारली चित्र काढायला काय लागतं? आयोजकांच्या मते काही नाही. 'दोन त्रिकोण, एक गोल, झाला माणूस. पोरंसुद्धा काढतात.' अगदी बरोबर! मग काढाच तुम्ही. कागदावर नको, निदान कापडावर काढा. मांजरपाट घ्या. आधी त्याची खळ धुऊन काढा, नाहीतर लेप धरणार नाही आणि गुंडाळी केली की पापुद्रे सुटतील. ताजं शेण पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्या. न गाळता लावलंत तर काड्या राहतील आणि रेघ तिथेच अडखळेल. नाहीतर गेरू घ्या. एकच जाड हात देऊ नका, पातळ दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. जाड थर वाळताना तडकतो. तांदूळ चार-पाच तास भिजवा, कमीत कमी पाण्यात वाटा, गाळा, त्यात डिंकाचं पाणी घाला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पांढरं बोटाला लागतं. जास्त झाला तर रेघ चकाकते आणि तडे जातात. शिवाय पीठ ओलं असताना रेघ धड दिसतच नाही, पांढरी होते ती वाळल्यावर. म्हणजे तुम्ही जवळजवळ न दिसणारं चित्र काढत असता आणि हाताला ते आधीच माहीत असावं लागतं. उन्हाळ्यात हे पीठ संध्याकाळपर्यंत आंबतं. उरलेलं उद्या वापरू म्हणालात तर वासाने आणि मुंग्यांनी कळेल काय झालं ते.

ब्रश? बांबूची बारीक काडी. टोक चावून तंतू मोकळे करायचे. किती चावायचं हे कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत. कमी चावली तर काडी पीठ धरत नाही, नुसती ओरखडते. जास्त चावली तर ठिपक्याच्या जागी थेंब पडतो. आणि पेन्सिलीचा कच्चा आराखडा नसतो. खोडरबर गेरूवर चालत नाही, गेरूच निघून येतो.

मग ते दोन त्रिकोण. टोकाला टोक लावून सरळ ठेवले की माणूस नुसता उभा. खालचा जरा सरकवला, वरचा जरा कलवला की तो धावतो, भात लावायला वाकतो, दारू पिऊन झुलतो. सगळी चाल त्या कंबरेच्या सांध्यात आहे. आता तुमच्या सोसायटीच्या भिंतीवरचं 'वारली' पाहा. स्टेन्सिल लावून स्पंजने थापलेली पन्नास माणसं, पन्नासही एकाच कोनात, जणू रांगेत उभं करून इस्त्री केलीय. तारप्याचा, म्हणजे भोपळ्याच्या फुंकवाद्यावरचा, नाच काढलाय तो बंद कड्यासारखा. अहो, तो नाच वेटोळं घेतो! हातात हात गुंफलेली साखळी तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरत जाते आणि तिला शेपूट असतं, पुढचा माणूस तिथे येऊन जोडला जातो. ते शेपूट कापून तुम्ही नाचाची बांगडी केलीत आणि खाली सही ठोकलीत 'संकल्पना व निर्मिती' म्हणून. वर तांदळाचं पीठ 'टिकत नाही' अशी तक्रार! प्लास्टिक पेंटच्या भिंतीवर कसं टिकेल? ती भिंत ओल शोषतच नाही. ते पीठ कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंतीसाठी आहे, आणि तिथेही ते कायमचं राहावं असं कुणाच्या मनात नव्हतं. लग्न ठरलं की सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहायचा, चौकात पालघट ही लग्नाची देवी, आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. पुढच्या लग्नाला नवा चौक. लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि आज तुमच्या फॉर्मवरही नावाच्या जागी जिल्हाच आहे. परंपरा जपली म्हणायची.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर पोचले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद असा भरला की 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आला, 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात चित्रं लागली आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कधी जवळून पाहा. लांबून पांढुरकं धुकं दिसतं. जवळ गेलात की सुईएवढ्या हजारो रेघा, एकीला दुसरी चिकटत नाही, आणि जाळं पाण्यात फुगल्यासारखं मध्येच सैल होतं. कलाशिक्षणाचा रकाना त्यांनी काय भरला असता? आणि तुम्ही त्यांना टेबल कुठे दिलं असतं, लोणच्याच्या डावीकडे की उजवीकडे?

बरं, मांडवातल्या कलाकाराने वागायचं कसं तेही अर्जात आहे. 'पारंपरिक वेशभूषेत प्रत्यक्ष सादरीकरण अपेक्षित.' म्हणजे भर उन्हात बसून काडीने रेघ ओढायची, पीठ काडीवरच वाळणार, आणि पाहुणे सेल्फी काढणार. दालनातल्या चित्रकारांना कुणी पारंपरिक वेशात ईझल घेऊन बसवल्याचं ऐकिवात नाही. विषयही अस्सल हवेत : झोपडी, शेत, तारपा. कुणी रेल्वे काढली, मोबाइलचा टॉवर काढला, मोटरसायकलवरून जाणारी नवरी काढली, की 'आता हे शुद्ध राहिलं नाही हो'. आणि पुन्हा पुन्हा तारपाच काढला की 'यात नवनिर्मिती कुठेय? ही तर कारागिरी'. डहाणूवरून लोकल जाते, महामार्ग जातो. त्या माणसाने जे रोज दिसतं ते काढायचं नाही? गंजाडच्याच राजेश वांगड यांनी गौरी गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर रेखाटनं केली, देशोदेशी दाखवली गेली. ती कुठल्या गटात टाकाल? 'फोटो शक्य असल्यास जोडावा' मध्ये?

शेवटचा सल्ला मानधनाचा. मागू नका. 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' हे मानधनच आहे. मांडववाल्याला, केटररला, फुलवाल्याला, सूत्रसंचालकाला पैसे द्यावे लागतात, कारण त्यांच्याकडे व्यासपीठावर श्रद्धा नसते. चित्रकाराकडे ती...

जाऊ द्या. हा सूर आता लावून धरवत नाही.

अहो आयोजक, तुम्हाला चित्र बघता येत नाही, हा खरा घोळ आहे. बघता येत नाही म्हणून तुम्ही प्रमाणपत्र बघता. रेघ कुठे जिवंत आहे, रंग कुठे मेलाय, हात कुठे ठाम आहे आणि कुठे चाचरतोय, हे ओळखायला चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहावं लागतं. ती दहा मिनिटं तुम्हाला दीपप्रज्वलनातून मिळत नाहीत. पदवीवाल्यांवर राग नाही. त्यांच्यात उत्तम चित्रकार आहेत आणि या गटवारीची त्यांनाही लाज वाटते. राग तुमच्यावर आहे. 2014 साली वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. ते कुणाच्या नावाचं आहे, कुणाच्या भागातलं आहे, हे कमान रंगवून घेताना एकदा तरी विचारलंत? नाही. स्टेन्सिल स्वस्त पडली.

अर्ज परत छापा. कलाशिक्षणाचा रकाना काढा, चित्राचा फोटो सक्तीचा करा, निवड करणाऱ्यांना नावं झाकून चित्रं दाखवा. तिन्ही गट एकाच दालनात लावा, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, सगळ्यांना सारखा दिवा. तांदळाच्या पिठाचं चित्र काचेत घालणार असाल तर काच आणि चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा सोडा, काच टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते आणि मग म्हणाल यांचं काम कच्चं. प्रत्येक चित्राखाली माणसाचं पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, किंमत त्यालाच ठरवू द्या. आणि मांडवातल्या टेबलांसाठी घेतलेलं शुल्क उद्‌घाटनाच्या आधी परत करा. नंतर नाही, आधी.