खुलासा : बर्फाच्या ढिगाला गाडी चिकटवून हीटर लावून बसू नका

कोल्हापुरातल्या सहलीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'मनालीकडं बर्फवृष्टीत अडकलात तर गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगाला चिकटवून लावा, वारं लागत नाही. काचा बंद करून हीटर चालू ठेवा. फोर बाय फोर असेल तर काळजीच नाही.'

यातला पहिला सल्ला जिवावर बेतणारा आहे. हीटरसाठी इंजिन चालू असताना सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं की धूर बाहेर पडत नाही आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते; माणसाला वाटतं, प्रवासाचा शीण. थांबावंच लागलं तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडाच वेळ चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा. बर्फ पडतच असेल तर इंजिन सुरू करताना दर वेळी पुन्हा बघा.

फोर बाय फोरचं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या गाडीचं, अर्धंच खरं. बर्फ पडल्यावर मनालीजवळच्या सोलंग, अटल बोगद्याकडं पोलिस बहुधा अशाच किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्या सोडतात, म्हणून हा समज. पण चारही चाकांची ताकद गाडी पुढं न्यायला. ब्रेक दाबल्यावर तीही घसरतेच.

वळणाच्या कोपऱ्यावरचे बर्फाचे ढीग समोरची गाडी झाकतात, हे मात्र मेसेजात नाहीच. शिरोळकडं तोडणीआधी वळणावर ऊस समोरची गाडी झाकतो, तसंच. तिथं वेग वळणाआधीच उतरवा, दिवे लावा आणि गाडीचं नाक हळूहळू बाहेर काढा.