अठरा गुणांवर भागत नाही

लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ. त्याच्या जाहिरातीत पल्ला दहा-पंधरा किलोमीटर लिहिलेला असतो. प्रत्यक्षात पहिला प्रश्न पडतो तो एकाच टेबलावरच्या दोन मॉड्यूलांमधली हातभर हवा ओलांडायची कशी, हा. त्यात ती चालवायला एका टोकाला अर्डुइनो ऊनो आणि दुसऱ्या टोकाला ईएसपी-३२ असे दोन वेगळ्या जातीचे कंट्रोलर बोर्ड असतील तर बघायलाच नको. पाठवणारा दर दोन सेकंदांनी 'पाठवलं' असं छापतो, ऐकणारा ढिम्म. वायफाय निदान पासवर्ड चुकला म्हणून सांगतं तरी. इथे 'पाठवलं' याचा अर्थ एवढाच, की चिपने हवेत काहीतरी सोडलं. ते कुणी ऐकलं का, ही चौकशी करणं तिच्या कामात बसत नाही.

मॉड्यूल घेतानाच बँड बघून घ्यावा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून ८६८ चं मॉड्यूल. ४३३ चं त्याच्याशेजारी ठेवलं तर जुळी भावंडं वाटतात; फरक बारीक अक्षरात असतो आणि तो बहुधा पार्सल फोडल्यावर वाचला जातो. अँटेना नसेल तर ८.६ सेंटिमीटर तारेचा तुकडा चालतो. पण अँटेना लावल्याशिवाय ट्रान्समिट करायचं नाही. बाहेर जायला वाट न मिळालेली शक्ती परत फिरते आणि चिपमधला ॲम्प्लिफायर जाळू शकते. नुसत्या मॉड्यूलच्या पायांमधलं अंतर २ मिलिमीटर, ब्रेडबोर्डच्या भोकांमधलं २.५४. पहिले तीन पाय दामटून बसतात, चौथ्याला माणूस शहाणा होऊन ॲडॉप्टर मागवतो.

ऊनो ५ व्होल्टवर बोलतो. मॉड्यूलमधल्या एसएक्स-१२७६ या लोरा चिपची सहनशक्ती जेमतेम ३.७ व्होल्ट. म्हणून ऊनोकडून चिपकडे जाणाऱ्या एसएस, मोसी, एससीके आणि रिसेट या चारही तारांवर १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज उतरवणारी रेझिस्टरची जोडी) लावायचा. चिपकडून परत येणारा मिसो सरळ जोडला तरी चालतो, कारण ३ व्होल्टच्या वरचं काहीही ऊनोला 'एक' म्हणूनच ऐकू येतं. व्होल्टेज जुळवणारी चार मॉस्फेटची ती स्वस्त लेव्हल शिफ्टरची पट्टी आय-टू-सी या संथ जोडणीला ठीक आहे. ही चिप वापरते त्या ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआय जोडणीला ती पुरी पडत नाही.

मग वीज. जुन्या ऊनोच्या ३.३ व्होल्ट पायाची ऐपत ५० मिलिअँपिअर. ऐकताना मॉड्यूल दहा-बारा मिलिअँपिअर घेतं, तेव्हा सगळं आलबेल. २० डीबीएमवर (डीबीएम हे पाठवण्याच्या शक्तीचं माप) बोलायला तोंड उघडलं, की १२० मागतं. व्होल्टेज बसतं, चिप रिसेट होते, आणि आपण अख्खी संध्याकाळ कोडमध्ये सेमीकोलन शोधत बसतो. वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावावा, मॉड्यूलच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ग्राउंड सगळ्यांचा एकच. हा शेवटचा ग्राउंड विसरण्याची प्रथा फार जुनी आहे.

जोडणी बरोबर आहे का, हे चिपलाच विचारता येतं. एसएक्स-१२७६ चं रजिस्टर, म्हणजे तिच्या आतला आकड्याचा खण, ४२ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला) वाचलं तर उत्तर १२ (हेक्स) यायला हवं. शून्य किंवा एफएफ आलं तर रेडिओला दोष देऊ नये, तारा मोजाव्यात.

इथवर आलात तर आता पत्रिका. लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी बार उडवून देतात. इथे फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी), स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती ताणून पाठवायचा) आणि सिंक वर्ड (ओळखीची खूण) या चारांपैकी तीन जुळले तर बेरीज शून्य. कहर म्हणजे लायब्ररी, म्हणजे चिप चालवणारा तयार कोड, लिहिणाऱ्यांनी आपापले डिफॉल्ट एकमेकांना न विचारता ठरवलेत. अर्डुइनोच्या नेहमीच्या लोरा लायब्ररीत स्प्रेडिंग फॅक्टर ७, रेडिओलिब नावाच्या दुसरीत ९. दोन्ही उदाहरणं जशीच्या तशी चढवली की दोघं आयुष्यभर एकमेकांना अनोळखी. फ्रिक्वेन्सी एकीला हर्ट्झमध्ये लागते, दुसरीला मेगाहर्ट्झमध्ये. हर्ट्झवालीला नुसतं ८६६ दिलं तर ती तेही निमूटपणे मान्य करते. ८६६ हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवर वाजवता येईल असा सूर.

कोडिंग रेटवरून (चुका दुरुस्त करायला किती जादा बिटं जातात ते प्रमाण) मात्र डोकं फोडून घेऊ नका. हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) चालू असेल तर पॅकेट स्वतःच सांगतं, मी ४/५ आहे की ४/७. जो आकडा जुळायची गरज नाही तोच आपण आधी तपासतो.

ईएसपी-३२ च्या बाजूला एसएक्स-१२६२ ही नंतरची चिप असेल तर प्रकरण वेगळ्या वळणाने जातं. त्याला बिझी नावाचा जास्तीचा पाय लागतो आणि इशारा देणारा पाय डीआयओ-० ऐवजी डीआयओ-१. बोर्डावर साधा क्रिस्टल आहे की टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न ढळणारा), हेही आधी सांगावं लागतं. रेडिओलिब टीसीएक्सओ गृहीत धरून त्याला १.६ व्होल्ट देते. साधा क्रिस्टल असेल तर उणे ७०७ हा एरर तोंडावर मारते. मग त्या १.६ च्या जागी शून्य लिहायचं. (एरर येतो याचाच आनंद व्हावा, अशी ही एकमेव जागा.) सिंक वर्ड एसएक्स-१२७६ मध्ये एका बाइटचा, १२ (हेक्स). एसएक्स-१२६२ मध्ये तोच दोन बाइटचा होऊन १४२४ होतो: प्रत्येक आकड्यामागे एक ४. रेडिओलिब हे रूपांतर स्वतः करते. रजिस्टर हाताने लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टेबलावर चाचणी करताना पॉवर २ डीबीएमवर आणावी आणि मॉड्यूलं दोन मीटर तरी लांब ठेवावीत. कुजबूज ऐकायला बनवलेल्या रिसीव्हरच्या कानाशी कर्णा लावला तर त्याला काही समजत नाही.

एकदाचं पॅकेट आलं, की तापमान उणे कित्येक कोटी अंश दिसतं. याचं कारण हवेत नाही, स्ट्रक्टमध्ये, म्हणजे कोडमधल्या माहितीच्या गठ्ठ्यात आहे. एक बाइटचा आयडी, चार बाइटचा फ्लोट (दशांश आकडा) आणि दोन बाइटची बॅटरी मिळून ऊनोवर ७ बाइट होतात. ईएसपी-३२ मध्ये तेच १२, कारण तो फ्लोटआधी तीन आणि शेवटी दोन बाइट मोकळे सोडतो. शिवाय साधा इंट (पूर्णांक) ऊनोवर दोन बाइटचा, ईएसपीवर चारचा. स्ट्रक्ट पॅक करावा (मोकळे बाइट न सोडता), किंवा मला जास्त आवडतं ते, २७.३५ अंशांचे २७३५ करून सोळा बिटांच्या पूर्णांकात पाठवावेत. फ्लोटची भानगडच नको.

सगळ्यात खोडसाळ जोडी म्हणजे एका टोकाला अर्डुइनोची ती लोरा लायब्ररी आणि दुसऱ्या टोकाला रेडिओहेड ही तिसरी लायब्ररी. रेडिओहेड पॅकेटचे पहिले चार बाइट आपले समजतो: कुणासाठी, कुणाकडून, क्रमांक, खुणा. ऊनोवरून उदाहरणातलं 'हॅलो' रोमन लिपीत निघतं, त्याचं पहिलं अक्षर लहान एच, म्हणजे १०४. रेडिओहेड बघतो, पत्र १०४ नंबरवाल्याचं आहे, आपण काही १०४ नाही, आणि चिठ्ठी न वाचता फेकून देतो. पुन्हा, कुणाला न सांगता. उपाय म्हणजे पाठवताना सीआरसी (वाटेतली चूक पकडणारी तपासणी) चालू करायची आणि मजकुराआधी चार बाइट स्वतः घालायचे: २५५, २५५, ०, ०. पहिला २५५ म्हणजे सर्वांसाठी. एवढं आग्रहाचं निमंत्रण गेल्यावर मात्र तो आढेवेढे घेत नाही.